जव आणि जावा

फटफटीचा नाद आम्हांस कधींच नव्हता; तो आमच्या ज्येष्ठ बंधूंचा. त्यांच्या पश्चात् त्यांची येझदी कोलशेतच्या घरीं पडवींत ताडपत्रीखालीं निपचित उभी होती. यंदा पुतण्यानें ती दुरुस्त केली आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारीं येणाऱ्या आंतरराष्ट्रीय जावा-दिनाच्या मेळाव्यास पुण्यास नेण्याचा हट्ट धरला. वहिनींनीं एकच अट घातली, "भावोजी, तुम्ही मागें बसणार असाल तर!"

शनिवारीं निघालों. द्रुतगती मार्गावर दुचाकीस मज्जाव, म्हणून जुन्या बोरघाटानें. संस्कृतांत 'जव' म्हणजे वेग. त्यावरूनच 'जावा' झालें असावें, असें आम्हीं पाठीमागून सांगितलें. पुतण्या हंसून म्हणाला, "काका, जानेचेक आणि वाँडरर यांचीं आद्याक्षरें जोडून १९२९ सालीं तें नांव झालें. मैसूरला १९६१ पासून बनणाऱ्या जावांनाच १९७३ सालीं येझदी हें नांव मिळालें." आमची व्युत्पत्ति घाटांतच कोसळली!

मेळाव्यांत पिकल्या केंसांची मंडळी ज्या दांड्यानें किक मारीत, तोच वळवून गियर टाकीत होती. बंधूंचा हात आम्हांस तेथें वारंवार आठवला.

रविवारीं रात्रीं परतलों. तो ओळखीचा फटफटाट ऐकून वहिनी पूर्वीप्रमाणें पाण्याचा तांब्या घेऊन दारांत आल्या. आम्हां दोघांस पाहून क्षणभर थबकल्या. मग हलकेंच म्हणाल्या, "पुढल्या वर्षींहि न्या हं."