सुयांवरचे टोपडे

हौसेने विणणाऱ्याच्या घरात पुरे झालेले काम क्वचितच दृष्टीस पडते. जे पुरे झाले ते कोणाच्या तरी अंगावर बसून घराबाहेर गेलेले असते. मागे उरतात ती अर्धी कामे: पाठ झालेला पण गळा न घातलेला स्वेटर, जोडीदाराची वाट पाहणारा एकुलता मोजा, नमुन्याची वीतभर पट्टी. माझ्या खोलीत सध्या अशी तीन कामे सुयांवर आहेत. धर्मगुरूच्या मेजावर प्रार्थनाग्रंथाशेजारी लोकरीचे गुंडे पाहून पाहुणे अंमळ दचकतात. त्यांना मी सांगतो की सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात मोजे विणणाऱ्यांचे जे व्यावसायिक संघ होते ते पुरुषांचे होते. मला मात्र ही विद्या संघाकडून नव्हे, आईकडून मिळाली. एक सुलट, एक उलट, एवढ्या दोन शब्दांत तिने सारे शास्त्र सांगून टाकले. पुढे सेमिनरीत शिकलेले पुष्कळसे विस्मरणात गेले. हे दोन शब्द राहिले.

दुसरा प्रश्न अधिक रास्त असतो. चंद्रपूरसारख्या ठिकाणी लोकर कशाला? मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंश ओलांडून जातो आणि सुई हातात धरवत नाही, इतका घाम येतो. प्रश्न विचारणाऱ्याने डिसेंबरात कोरचीला किंवा भामरागडकडे एक रात्र काढावी, म्हणजे उत्तर द्यावे लागणार नाही. जंगलातली थंडी ओलसर असते; ती कुडाच्या भिंतीतून आत येते आणि पहाटे अंगणातल्या शेकोटीभोवती सारे गाव गोळा करते. या दोन जिल्ह्यांत राहायचे म्हणजे वर्षातून एकदा भट्टीत आणि एकदा गारठ्यात राहायचे. विणणाऱ्याला हे दोन्ही ध्यानात ठेवून धागा निवडावा लागतो. माझ्या तिन्ही कामांची कथा मुळात या निवडीचीच आहे.

पहिले काम हौसेचे. आरमोरी, नागभीड या आपल्या भागात कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर ही अळी उघड्या रानात वाढते. ढिवर समाजातील कुटुंबे पाखरांपासून, मुंग्यांपासून तिची राखण करतात. फांदीला देठाने लोंबणारा तो टणक, अंडाकृती कोसा शिजवून त्याचा धागा काढतात. करवतकाठी साडीच्या अंगात हाच धागा असतो. तिचे काठ सुती असतात आणि त्यांवर करवतीच्या दात्यांची नक्षी उठते. फुटक्या कोशांतून सलग तार निघत नाही. त्यांचे तंतू हाताने ओढून, पीळ देऊन जे जाडेभरडे सूत काढतात त्याला घिच्चा म्हणतात. मधासारखा त्याचा मूळचा रंग पाहून मला मोह आवरला नाही. त्याची एक शाल मी दोन वर्षांपासून विणतो आहे. कोशाला लोकरीसारखी लवचीकता नसते. ताणले की ताणलेलेच राहते, म्हणून मनगटाची किंवा कमरेची आवळ पट्टी त्यात धरत नाही. शाल होते, स्वेटर होत नाही. धागा आपले म्हणणे असे स्पष्ट सांगतो, आणि विणणाऱ्याला ते ऐकावे लागते.

दुसरे काम आमच्या रात्रीच्या राखणदारासाठी बिनबाह्यांचा स्वेटर. येथे निवड रंगाची नव्हती, विस्तवाची होती. बाजारात आज ‘लोकर’ म्हणून जे मिळते त्यातील बहुतेक ॲक्रिलिक असते. अमेरिकेतील ड्यू पॉण्ट कंपनीने १९५० साली ‘ऑर्लॉन’ या नावाने हा कृत्रिम तंतू बाजारात आणला. त्याने गरिबाच्या घरात ऊब नेली, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. तो मऊ असतो, स्वस्त असतो, त्याला कसर लागत नाही, आणि रोजच्या धुण्यात तो आटत नाही. पण ठिणगी पडली की तो वितळतो आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. मेंढीची लोकर सहसा पेट घेत नाही आणि जाळ बाजूला होताच विझते. ओळखायचे कसे, असे कोणी विचारले तर उपाय सोपा आहे. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून काडीने पेटवावा. केस जळाल्याचा वास येऊन बोटांत चुरडणारी राख राहिली तर लोकर. कडक काळा मणी उरला तर ॲक्रिलिक. कागदासारखे जळून गेले तर सूत. रात्रभर शेकोटीजवळ बसणाऱ्या माणसासाठी मी खरी लोकर घेतली. ती जरा टोचते. पण त्याच्या अंगात सदरा असतोच.

टोचण्यालाही कारण आहे. लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण तिशीच्या आसपासचा तंतू कातडीला टोचू लागतो. मेरिनो मेंढीचा तंतू विशी-बाविशीत असतो म्हणून तो मऊ. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर याहून पुष्कळ जाड. तिची घोंगडी पाऊस अंगावर झेलते, मेंढपाळाला जन्मभर पुरते. पण ती तान्ह्या बाळाच्या टाळूवर ठेवण्याची वस्तू नव्हे.

आणि तिसरे काम नेमके तान्ह्याच्या टाळूचे आहे.

आपल्याकडे बाळंतविडा देण्याची रीत आहे. अंगडे, टोपडे, कुंची, दुपटे, पायमोजे. मराठी घरांतील किती तरी स्त्रियांनी सुया पहिल्यांदा हाती धरल्या त्या भाच्याच्या किंवा नातवाच्या टोपड्यासाठी. त्यात माया असते, आणि थोडी मिरवणूकही असते: गोंडा, जाळीची वीण, साटिनची फीत. टोपडी विणायचे मी ठरविले तेव्हा प्रसूतिकक्षात अनेक वर्षे काढलेल्या एका सिस्टरला आधी विचारले की तुम्हांला कसे टोपडे हवे. तिने बोटे मोजत सांगितले. हनुवटीखाली बांधायची फीत नको. ती गळ्याला आवळते. गोंडा नको. जाळी नको, वारा आत येतो. हातमोज्यांत आतून सुटे धागे लोंबत असतील तर ते बाळाच्या बोटाला गुंडाळून रक्त अडवतात, तेव्हा हातमोजे मुळीच नकोत. एक सुलट, एक उलट अशी ताणणारी वीण असू द्या, म्हणजे दोन किलोच्या बाळालाही बसेल आणि तीन किलोच्याही. आणि उकळत्या पाण्यात टिकेल असा धागा असू द्या.

एवढ्याशा टोपीसाठी इतका विचार कशाला, हे तिने पुढे समजावले. नवजात बाळाच्या सर्वांगाच्या पृष्ठभागापैकी सुमारे पाचवा हिस्सा डोक्याचा असतो. मोठ्या माणसात तो दहाव्या हिश्श्याहूनही कमी. बाळ ओले जन्मते आणि त्या ओलीबरोबर अंगातली उष्णता उडून जाते. थंडी वाजली तर आपण कुडकुडतो आणि त्यातून ऊब निर्माण होते. तान्ह्याला नीट कुडकुडताही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बाळाचे तापमान ३६.५ अंश सेल्सिअसखाली गेले की थंडावा सुरू झाला असे समजावे. मग ते दूध नीट ओढत नाही, दूध नाही म्हणून ऊब नाही, आणि ऊब नाही म्हणून आणखी दूध नाही. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाला या फेऱ्यातून बाहेर काढणे अवघड जाते.

हे सारे आपल्याच जिल्ह्यात एकदा मोजून पाहिले गेले आहे. १९८६ पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम करीत आले आहेत. दवाखाना दूर, रस्ते पावसात बंद, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटे. अशा मुलखात बाळाला दवाखान्यात न्या, एवढे सांगून भागत नव्हते. म्हणून त्यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिक्षण दिले आणि नवजात बाळाची काळजी घरी नेली. जन्मतः गुदमरलेल्याला श्वास देणे, जंतुदोष ओळखून औषध देणे, वजन घेणे, स्तनपानास मदत करणे आणि बाळाला ऊबदार ठेवणे, अशी ती कामे होती. हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे २६ वर आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही घरपोच काळजी देशभर स्वीकारली. या यशाचे श्रेय केवळ ऊबेचे नाही, टोपडीचे तर मुळीच नाही. पण ज्या अनेक लहान गोष्टी एकत्र आल्या त्यांत ऊब होती, एवढे खरे.

आता धाग्याकडे वळू. ॲक्रिलिक मी बाजूला ठेवले. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे, आणि वितळणारा धागा त्या बाजेवर नको. मेरिनो उत्तम, पण महाग. शिवाय उकळत्या पाण्यात घातले की आटून लिंबाएवढे होते. उरले विदर्भाचे आपले सूत. ते मऊ, उकळून निर्जंतुक करता येणारे, दर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणारे. त्याचा दोष एकच: ओले झाले की ते ओल धरून ठेवते आणि उलट गारवा देते. त्यावर सिस्टरने उपाय सांगितला तो कोणत्याही नमुन्याच्या पुस्तकात मी वाचलेला नव्हता. एका बाळाला दोन टोपडी द्या. एक डोक्यावर, एक वळणीवर. तेव्हापासून मी टोपडी जोडीने विणतो. वीस टोपडी पुरी झाली की दहा बाळे झाली असे मोजायचे. सूत दुपदरी घ्यायचे, वीण घट्ट ठेवायची आणि कपाळावरची पट्टी दुमडून दुहेरी करायची.

एक सूचना वाचकांना, विशेषतः आजीबाईंना. ही टोपडी थंडीची आणि पहिल्या दिवसांची आहेत. वैशाखात बाळाला लोकरीत गुंडाळले तर त्याला उन्हाळ्याचाच ताप चढतो. तेव्हा सुती पातळ अंगडे पुरे. पुढेही घरात निजताना धडधाकट बाळाच्या डोक्यावर टोपी नको.

विणणाऱ्याचा अभिमान उतरविणारी आणखी एक गोष्ट मला या निमित्ताने कळली. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे उबवणपेट्या कमी पडत होत्या, म्हणून डॉ. एदगार रेय यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीवर ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूप्रमाणे आई बाळाला अंगाशी बाळगते. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली. जन्मल्याबरोबर हा सहवास मिळालेल्या लहानग्यांतील मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे जगातील सर्वांत उत्तम ऊब कोणत्याही मेंढीच्या अंगावर नाही, कोणत्याही कारखान्यात नाही. आईची कातडी हीच ती. मात्र त्या वेळी बाळाचे अंग उघडे असले तरी डोक्यावर टोपी असतेच. आईच्या अंगाची ऊब जेथे पोचत नाही, तेवढी चार बोटे जागा विणणाऱ्यासाठी राखून ठेवलेली आहे.

हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात सुमारे १४०० सालचे मास्टर बर्ट्राम यांच्या नावाने ओळखले जाणारे एक वेदीचित्र आहे. त्यात मरियामाता अनेक सुयांवर गोल विणते आहे. हातात बाळ येशूचा बिनशिवणीचा अंगरखा असून सध्या गळ्याचे टाके चालू आहेत. संत योहानाच्या शुभवर्तमानात ज्या बिनशिवणीच्या अंगरख्यावर शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्या, त्याचीच ही सुरुवात असे चित्रकाराला सुचवायचे असावे. मला मात्र त्या चित्रात आधी दिसते ती विणणारी. तिचेही काम अर्धेच आहे, आणि अंगरखा कोणासाठी आहे हे तिला ठाऊक आहे.

विणणाऱ्याला एवढे ठाऊक असले की धाग्याचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, असा माझा अनुभव आहे. कोशाची शाल अजून एखादे वर्ष सुयांवर राहील. तिची वाट कोणी पाहत नाही, आणि तिच्यावर हात फिरवताना मिळणारे सुख मला नाकारायचे नाही. राखणदाराचा स्वेटर दिवाळीपूर्वी गेला पाहिजे. टोपड्यांना मात्र पावसाळ्यातच बसावे लागते, कारण नाताळच्या थंडीत जन्मणारी बाळे या क्षणी वाटेवर आहेत. आतापर्यंत चौदा टोपडी झाली आहेत, म्हणजे सात बाळे. पंधरावे सुयांवर आहे. ते पुरे झाले तरी सोळावे होईपर्यंत ते मोजायचे नाही.