टर्बो गाडी आणि पहिला खर्च

आपल्या नाक्यावर एक टर्बो गाडी आलीय. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१७ ची, एमएच १२ पासिंग, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. मालक आमच्या ओळखीतलं पोरगं, वय पंचवीस. घरची हळद, त्यात स्वतःचं मोबाईलचं दुकान. नाव लिहीत नाही, नाक्यावरच्यांना कळलंच असेल.

गाडी आणल्यावर आठ दिवसांत पोरगं माझ्याकडं यादी घेऊन आलं. मला गाड्यांची हौस आहे हे त्याला माहीत. म्हणलं, "काका, बजेट साठ हजार हाय. पयलं काय करू?" यादी अशी: रिमॅप, मोठा एअर फिल्टर, डाउनपाइप, सायलेन्सर काढून सरळ पाइप, लोअरिंग स्प्रिंग आणि ब्लो ऑफ व्हॉल्व्ह. शेवटचा कशासाठी, तर गिअर बदलताना 'फुस्स' असा आवाज यावा म्हणून.

मी हसलो नाही. ही हौस समजण्यासारखी आहे. ही गाडी आपल्याच राज्यातली, चाकणच्या कारखान्यातली. २०१३ साली जीटी टीएसआय आली तेव्हा १.२ लिटरच्या इंजिनातून १०५ पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क मिळतो हे ऐकूनच लोक चाट पडले होते. २०२२ ला पोलोचं उत्पादन इथं थांबलं, तरी जुन्या जीटीला अजून गिऱ्हाईक आहे. आपल्याकडच्या रॅली स्पर्धांतही पोलो भरपूर पळाल्या. त्यामुळं पोरानं गाडी चुकीची घेतली असं मी म्हणणार नाही. प्रश्न फक्त क्रमाचा होता.

रिमॅप म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरावर फिरणारा पंखा. तो दुसऱ्या बाजूनं इंजिनात हवा दाबून भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. हवा किती दाबायची, ठिणगी कधी टाकायची, हे इंजिनाचा छोटा संगणक ठरवतो. रिमॅपवाला लॅपटॉप जोडून त्यातले आकडे बदलतो. साध्या इंजिनात असं करून हाती फारसं लागत नाही. टर्बोत मात्र एकही नट न खोलता वीस-पंचवीस टक्के ताकद वाढते. त्यामुळं टर्बो गाडी घेतलेल्या प्रत्येकाच्या यादीत रिमॅप पहिल्या नंबरवर असतो.

आता गोम अशी की कंपनीनं ते आकडे कमी ठेवले ते काय येड्यागत नाही ठेवले. मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. गरम हवा विरळ असते, आणि दाबली की आणखी तापते. त्यात साधं पेट्रोल असलं की ते वेळेआधीच आपोआप पेट घेतं आणि इंजिन नॉक करायला लागतं. परदेशातल्या भारी पेट्रोलसाठी लिहिलेली फाइल इथं तशीच टाकणं म्हणजे इंजिनाशी वैर. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, आणि २०२३ आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्याच नाहीत. मग २०१७ च्या गाडीत पहिलं काम पाइप आणि सील तपासण्याचं की बूस्ट वाढवण्याचं?

म्हणून मी त्याला म्हणलं, यादी खिशात ठेव आणि चल खाली बस. टायर बघू.

टायरच्या बाजूवर 'डॉट' लिहिलेलं असतं. त्याच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पोराच्या गाडीवर निघालं २३१७. म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. टायर गाडीसोबतच जन्मलेले! नक्षी अजून दिसत होती, म्हणून विकणाऱ्यानं 'टायर सत्तर टक्के' सांगितलं होतं. पण रबराला नखानं दाबलं तर लाकूड. बाजूनं बारीक भेगा. असल्या टायरवर १०५ ची ताकद १३० करायची, आणि थांबायचं कशाच्या जोरावर? ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतं.

मग ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळं साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. कधी बदललं ते कुणालाच सांगता येईना. या गाडीला मागं ड्रम ब्रेक आहेत, सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर. गिअरबॉक्स सात गिअरचा डीएसजी, कोरड्या क्लचचा. त्याची टॉर्क पेलायची मर्यादा २५० न्यूटन मीटर. कंपनीनं १७५ वर ठेवलं तेव्हा क्लचला श्वास घ्यायला जागा होती. रिमॅपनं ती जागा आपण खातो. क्लच आधीच झिजलेला असेल तर ट्यूनरचं बिल आणि क्लचचं बिल हातात हात घालून येतं.

पोरगं जरा नाराज झालं. "काका, मग टर्बो घेऊन फायदा काय?"

मी त्याला कंपन्यांचीच उदाहरणं दिली. २०१५ मध्ये फियाटनं पुण्याजवळच्या रांजणगावात अबार्थ पुंटो बनवली, १४५ हॉर्सपॉवरची. तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, सस्पेन्शन कडक आणि गाडी जमिनीला जरा जवळ. २०१८ मध्ये टाटानं कोइम्बतूरच्या जयेमसोबत टियागो जेटीपी काढली, ११४ पीएसची. तिलाही साध्या टियागोपेक्षा रुंद टायर आणि वेगळं सस्पेन्शन दिलं. ज्यांचा धंदाच गाडी पळवण्याचा आहे ते ताकद वाढवतात तेव्हा खालचं सामानही बदलतात. आपण फक्त वरचं बदलतो, कारण टायरचा आवाज येत नाही आणि टायरची रील चालत नाही.

आता हे सगळं मी त्याला घरात बसून सांगितलं, मग इथं कामून लिहितोय? कारण ही गाडी पळणार कुठं, तर अकोल्याहून वाशिम, हिंगोली, नांदेड करत तेलंगणात जाणाऱ्या १६१ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर. म्हणजे आपल्या दारातून. एकेकाळी इकडं निजामाचं राज्य होतं आन पलीकडं वऱ्हाड. आज इकडं एमएच ३८, पलीकडं एमएच ३७. रस्ता रुंद झाला आणि गाड्यांचा वेग वाढला, पण रस्ता ओलांडणारं माणूस तेच राहिलं. सोयाबीन-हळदीच्या दिवसांत ट्रॉल्या उलट्या बाजूनं येतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. रात्री रोही आडवं येतं. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला वेगमर्यादा ताशी १०० आहे. त्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, ४२ मीटर गेलेच. ब्रेक त्याच्यानंतर. आणि वेग १०० चा १२० केला तर वाढ २० टक्क्यांची, पण थांबवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. आपल्या बातम्यांत 'भरधाव कार' येते, टायरचं वय कधी येत नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ बदललं: बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही. सरळ पाइपचा आवाज वेगळाच. त्याला कलम १९०, दहा हजारांपर्यंत दंड आणि लायसन्सवर गदा. आणि विमा कंपनीला बदल कळवलेला नसला तर दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. साठ हजारांच्या हौसेपायी वावर विकायची पाळी नको.

इथं माझी परिवहन खात्याबद्दल एक तक्रार आहे. सीएनजी किट बसवलं, रंग बदलला, तर आरसीवर नोंद करायची रीत आहे. रिमॅपसारख्या कामाला अशी रुळलेली वाट नाही. त्यामुळं जो तो चोरून करतो आणि तपासणारं कुणी नसतं. चांगलं काम करणारा ट्यूनर आणि लॅपटॉप घेऊन फिरणारा भामटा, गिऱ्हाइकाला दोघं सारखेच. पोरांना नुसता दंड दाखवून हौस मरत नसते.

तर साठ हजारांचं गणित आम्ही असं मांडलं. चार नवे टायर, मूळ मापाचेच, पण चांगल्या पकडीचे: अठ्ठावीस हजाराच्या आसपास. ब्रेक ऑइल, पुढचे पॅड, प्लग, कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं इंजिन ऑइल, अलाइनमेंट: पंधरा-सोळा. गिअरबॉक्स जाणत्या माणसाकडून स्कॅन करून घ्यायचा. उरलेले तसेच ठेवायचे, कारण आठ-नऊ वर्षांची गाडी काहीतरी काढणारच. लोअरिंग स्प्रिंग यादीतून पोरानं स्वतःच खोडलं. आपल्या गल्लीतला गतिरोधक त्यानं पाहिलाय. सरळ पाइपवर मात्र अर्धा तास वाद झाला. शेवटी त्याची आजी आतून म्हणली, "मपल्या दारात ढुर्रकन आवाज केला तर गाडी उकिरड्यावर लावीन." तो विषय तिथं मिटला.

रिमॅपचं तो अजून सोडत नाही. म्हणतो, आधी कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर एकदा जाऊन येतो, गाडी आहे तशीच चालवून बघतो, मग ठरवतो. जा म्हणलं. तिथं समोरून ट्रॉली येत नाही.

टायर नांदेडहून येणार आहेत, सोमवारी. दुकानदाराला सांगून ठेवलंय, तारीख बघूनच घेणार. तुमच्याही गाडीचे ते चार आकडे आज बघा, दोन मिनिटं लागतात. आपल्या नाक्यावर कुणाचे किती जुने निघतात ते खाली लिहा.