चार यंत्रं, दोन जागा

रिसिव्हरची पाठ मी पहिल्यांदा नीट पाहिली ती श्रावणातल्या एका दुपारी, टॉर्च धरून. टीव्ही, सीडी प्लेयर, आईचा कॅसेट डेक आणि आजोबांचा रेकॉर्ड प्लेयर अशी चार यंत्रं त्याला जोडायची होती. लाल-पांढऱ्या पिना बसतील अशा जोड्या मात्र दोनच. एकीत टीव्ही, दुसरीत सीडी. आकाशवाणी रत्नागिरीवरून आईनं टिपून घेतलेली नाट्यगीतं कॅसेटमध्ये आहेत. ती कपाटात मुकी पडलेली मला बघवत नव्हती.

राम आळीतून दोनाची एक करणारी वाय-पिन आणली. सीडी आणि कॅसेट तिच्यात खोचली. आवाज आला, पण दबलेला, चिरका. सीडी प्लेयर तर बंद होता! मग कॅसेटला झालं काय, ते काही केल्या कळेना.

शेजारच्या काकांनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले. ते म्हणाले, "अगं, दोन पाट असे जोडलेस तर एकाचं पाणी दुसऱ्यात शिरणार. वाफ्यापर्यंत पोचणार किती?" रिसिव्हरच्या इनपुटचा रोध हजारो ओहम असतो, सीडी प्लेयरच्या आउटपुटचा त्या मानानं फारच कमी. म्हणून कॅसेटचा सिग्नल सोप्या वाटेनं तिकडेच वळत होता. दोन आउटपुट एकत्र बांधायची नाहीत, यंत्रालाही ते बरं नव्हे, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

"टीव्हीच्या मागे चौकोनी झडप आहे का बघ," काका म्हणाले. होती. रिसिव्हरलाही तशीच होती. तोशिबानं 1983 साली आणलेली ही ऑप्टिकल जोडणी. केबलच्या टोकाशी लाल ठिपका उजळला आणि बातम्या ऐकू आल्या. आवाज उजेडातून जातो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लाल-पांढरी एक जोडी मोकळी झाली.

पण यंत्रं उरली दोन. काका म्हणाले, "ऐकणार तर एका वेळी एकच ना?" त्या एका प्रश्नानं माझा गुंता सुटला. सिलेक्टर नावाची छोटी पेटी मिळते. तिला वीज लागत नाही. बटण दाबलं की एक यंत्र जोडलं जातं, दुसरं तुटतं.

कॅसेट सुरेख वाजली. रेकॉर्ड मात्र डासासारखी गुणगुणली. सीडी प्लेयर 2 व्होल्टपर्यंत सिग्नल देतो, तर रेकॉर्डच्या सुईकडून जेमतेम 5 मिलिव्होल्ट येतात. शिवाय तबकडी कोरतानाच खर्ज कमी आणि तार सूर चढे ठेवलेले असतात. ते परत जागेवर आणायचं माप 1954 पासून ठरलेलं आहे. हे काम करणारा फोनो प्री-अ‍ॅम्प रेकॉर्ड प्लेयर आणि सिलेक्टर यांच्यामध्ये बसवला. तबला घुमला, पण मागे घूंऽऽ अशी घरघर. रेकॉर्ड प्लेयरची सुटी अर्थची तार प्री-अ‍ॅम्पच्या स्क्रूला आवळली आणि ती थांबली.

आमच्या खाऱ्या, दमट हवेत पिना काळवंडतात. म्हणून बोर्डावरचं बटण बंद करून त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसल्या. सिलेक्टरवर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या: कॅसेट, रेकॉर्ड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या पडवीत होते. माजघरातून नाट्यगीत ऐकू आलं. आईनं मला हाक मारली नव्हती. चिठ्ठी वाचून तिनं स्वतःच बटण दाबलं होतं.