गाडीचं खोटं नाक



मागच्या महिन्यात माझ्याकडून काहीच लिहून झालं नाही. त्याचं कारण खाली पार्किंगमध्ये उभं आहे. आमची पांढरी स्विफ्ट, 2011 सालची, पेट्रोलवरची. तिला आता नाक आलंय.

त्याला हूड स्कूप म्हणतात, पोरांच्या तोंडी नुसता स्कूप. बॉनेटवर बसवलेला उंचवटा, पुढून नाकपुडीसारखा उघडा. स्कॉर्पिओवर तुम्ही पाहिला असेल, फक्त त्याला नाव असतं हे माहीत नसेल. मलाही नव्हतं.

विषय थोरल्याने काढला, दसऱ्याला गाडी पुसता पुसता. त्याने विषय काढला हेच मला मोठं होतं. जुलैत निकाल लागला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला वाय.डी. झाला, आणि तेव्हापासून घरात त्याचा आवाज म्हणजे खोलीच्या दाराच्या कडीचा. त्याचे पप्पा त्याच्याशी बोलत नव्हते. भांडण असतं तर बरं, निदान शब्द तरी ऐकू येतात. इथे तो समोर ताटावर बसलेला असायचा आणि हे मला सांगायचे, "त्याला विचार, भाजी पाहिजे का." मी विचारायची. तो मला उत्तर द्यायचा. तीन महिने मी घरातली पोस्टमन.

स्कूपचं ऐकून हे मलाच म्हणाले, "गाडीला नाक लावून पेपर सुटतात का, विचार त्याला." हे मात्र मी पोचवलं नाही.

खरं सांगते, मलाही ते पटलं नव्हतं. मी त्याला विचारलं, याचा उपयोग काय? तर तो भांडी घासायच्या कट्ट्याला टेकून उभा राहिला आणि बोलायलाच लागला. काही गाड्यांच्या इंजिनाला टर्बो असतो, तो हवा दाबून आत ढकलतो. हवा दाबली की तापते, म्हणून आत जाण्याआधी ती गार करायला इंटरकूलर लागतो. तो इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसवला असेल तर त्याला वारा कुठून मिळणार? बॉनेटला भोक पाडून वरून. सुबारूच्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सला नाक आहे ते यासाठीच. अमेरिकेत 1960 च्या दशकात दांडग्या इंजिनांच्या गाड्या निघाल्या, त्यांच्या कार्ब्युरेटरला बाहेरची गार हवा मिळावी म्हणून असे स्कूप असायचे.

"आणि आपल्या गाडीत?"

"आपल्या गाडीला टर्बोच नाही. नुसतं दिसायला."

"म्हणजे खोटं."

"हो," म्हणाला. "खोटंच."

दशलक्षण पर्व होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. आर्जव धर्माच्या दिवशी मी पुढच्या रांगेत बसून ऐकलं होतं, जे मनात तेच बोलण्यात आणि तेच करण्यात असावं. तेच त्याला सुनवायला मी तोंड उघडणार होते. पण मला एका डोहाळजेवणाला निघायचं होतं, आणि बोलता बोलता मी आरशासमोर गंठण घालत होते. एक ग्रॅमवालं, 'सोन्याचं'. त्याने ते पाहिलं. काही बोलला नाही, नुसतं पाहिलं. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, बरं, लाव.

माझ्या अटी होत्या. बॉनेट कापायचं नाही. कापलं तर खालच्या पट्ट्या कमजोर होतात आणि पावसाचं पाणी इंजिनावर जातं, हे त्यानेच सांगितलं होतं. रंग गाडीचाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं, म्हणजे 1988 च्या कायद्याचं कलम 52 मी वाचून काढलं. नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि रंग हा त्या तपशिलातलाच एक. खर्च माझ्या ब्लाउजच्या शिलाईतून, पप्पांकडे मागायचं नाही. आणि सगळं काम उजेडी, दिवसा. सगळ्या अटींना त्याने मान डोलावली. शेवटची त्याने ऐकली नव्हती, हे नंतर कळलं.

स्कूप आला काळ्या एबीएस प्लास्टिकचा, खोक्यात भुसा नाही, कागद नाही, सांगणारी चिठ्ठी नाही. तो बॉनेटवर ठेवला तर कधी डावीकडे सरकलेला वाटे, कधी उजवीकडे. थोरला टेप घेऊन मापं घेत होता आणि चिडत होता, कारण बॉनेट सपाट नसतं, मध्ये फुगीर आणि कडेला उतरतं. आता हे काम माझं! पंचवीस वर्षं मी फुगीर गोष्टींना कापड बसवते आहे. वर्तमानपत्राचा कागद घेतला, मधोमध दुमडला, स्कूपच्या अर्ध्या भागाचा आकार काढून कापला. उलगडला की दोन्ही बाजू सारख्या, मधली घडी म्हणजे मध्य. बॉनेटच्या मध्यावर दोरा ताणून धरला, घडी दोऱ्यावर ठेवली, कडेने मास्किंग टेपच्या पट्ट्या मारल्या. तो पाहतच राहिला. मग मी गाडीत जाऊन बसले. माझी उंची तुम्हाला माहीत आहे, मी उशी घेऊन चालवते. तिथून रस्ता झाकत होता, म्हणून स्कूप चार बोटं पुढे घेतला. सासूबाईंना देवळात मीच नेते, मला दिसलं नाही तर नाक काय कामाचं.

रंगासाठी आम्ही दोघं उद्यमनगरला गेलो. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, त्यावरून दुकानदार मिसळून देतो. पण चौदा वर्षं उन्हात राहिलेलं पांढरं हे डब्यातल्या पांढऱ्यासारखं राहत नाही, जुन्या वायलच्या साडीसारखं जरा पिवळसर होतं. म्हणून पेट्रोलच्या तोंडावरचं झाकण सोडवून सोबत नेलं, आधी पॉलिश करून, आणि त्याच्याशी रंग जुळवून घेतला. मॅचिंग ब्लाउजपीस शोधायला आपण पदर घेऊन जातो ना, तसंच.

प्लास्टिकला रंग सहज धरत नाही. आधी साबणाने धुवायचं, मग बारीक पॉलिश पेपरने ओलं घासायचं, चकाकी जाऊन मळकट दिसेपर्यंत. इथे मला एक गंमत कळली. थोरल्याने पहिल्यांदा नळाखालची बादली घेतली, तर दोन मिनिटांत स्कूपवर खोल ओरखडा. पाण्यात वाळूचा एखादा कण असला तरी तो पेपरखाली सापडतो. मी आतून गाळलेलं पाणी आणून दिलं. एरवी "आई, नळाला फिल्टर आहे, परत कशाला गाळतेस?" म्हणणारा पोरगा त्या दिवसापासून स्वतः गाळणं धुऊन वाळत घालतो. कारण काही का असेना.

घासल्यावर प्लास्टिकसाठीचा वेगळा प्राइमर, तो दोन हात, वाळल्यावर पुन्हा हलका पेपर. मग रंग. इथे घाई चालत नाही. डबा वीतभराहून थोडा लांब धरायचा, पहिला हात इतका पातळ की खालचा करडा दिसत राहिला पाहिजे, मग दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. एकदाच भरपूर मारला की ओघळ येतात. आणि तोंडाला कापडी मास्क चालत नाही, त्याने वास अडत नाही. डबीवाला मास्क मिळतो तोच घ्या.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी प्राइमर छान झाला. रंग दुपारी द्यायचा ठरला होता, पण पाहुणे आले, चहापाणी झालं, आणि सहा वाजून गेले. आमची जेवणं आटोपली होती. मी त्याला हाक मारली तर खालून म्हणाला, "पाच मिनिटं, एकच हात."

आमच्याकडे भात पिकायला लागला की हिरवे तुडतुडे दिव्यावर येतात, ते तुम्हाला सांगायला नको. पार्किंगमध्ये ट्यूबलाइट लावलेली, तिच्याखाली ओला पांढरा रंग. मी खाली गेले तेव्हा तो उकिडवा बसला होता, हातात माझ्या डब्यातली टाचणी. स्कूपवर हिरवे ठिपके. एकाचे पाय हलत होते, त्याला तो टाचणीच्या बोथट टोकाने सोडवत होता आणि ते सोडवताना पंखच तुटत होता. मी काही म्हणायच्या आत त्याने उठून ट्यूब बंद केली. अंधारात म्हणाला, "मोजले, आई. एकतीस."

मी ओरडायचं ठरवूनच खाली आले होते. सांगितलेलं ऐकत नाही, रात्रीचं कशाला, सगळं ओठांवर होतं. त्या आकड्याने ते तिथेच राहिलं. जुलैपासून या मुलाने स्वतःची कुठलीच चूक आपल्या तोंडाने सांगितली नव्हती. पेपर अवघड होता, सर नीट शिकवत नाहीत, हेच. मी त्याच्याशेजारी फरशीवर बसले आणि हळूच मिच्छामि दुक्कडं म्हटलं. तोही म्हणाला. वर आला तेव्हा पाणीसुद्धा प्यायला नाही. मी आग्रह केला नाही.

हे बाल्कनीत उभे होते. तिथून पार्किंग सगळं दिसतं.

सकाळी जेवणाच्या टेबलावर, त्याच्या ताटाच्या जागी, दुकानामागच्या गोडाऊनची किल्ली ठेवलेली होती. मला विचारलं नाही, मला सांगितलं नाही. त्या गोडाऊनला वर पारदर्शक पत्रे आहेत, शटर उघडलं की वारा खेळतो आणि धूळ रस्त्यावरून सरळ आत येत नाही. पोती एका कोपऱ्यात सरकवलेली होती. फरशीवर पाणीही मारलेलं होतं, धूळ बसावी म्हणून. साखरेची पोती हलवायला ज्यांची कंबर दुखते त्यांनी ती केव्हा हलवली, मी विचारलं नाही.

थोरल्याने सगळा रंग पुन्हा घासून काढला. पूर्ण दीड दिवस. ठिपके नुसते झाकता आले असते, वरून दोन हात दिले की दिसले नसते. दुकानदारानेही तेच सुचवलं होतं. "आत राहतील ना," एवढंच म्हणाला. मग सकाळी नऊच्या सुमाराला रंग, अकरापर्यंत वरचा क्लिअर कोट, आणि उन्हं कलायच्या आत शटर खाली. असे दोन दिवस वाळू दिला. स्कूपच्या खालच्या कडेला रंग लागू नये म्हणून आधीच टेप लावली होती, कारण चिकटपट्टी ताज्या रंगावर लावली तर उद्या रंगासकट सुटून येते.

चिकटवणं त्या मानाने अर्ध्या तासाचं. बॉनेट धुतलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. (ती बाटली पाहून सासूबाईंनी विचारलंच, "घरात अल्कोहोल?" मी म्हटलं, "दवाखान्यातलं स्पिरिट आहे, गाडीच्या नाकाला.") पट्टी थ्रीएमची, व्हीएचबी म्हणतात ती, दोन्ही बाजूंनी चिकटणारी. ती एकदा टेकली की परत उचलता येत नाही. म्हणून सगळा कागद आधी काढायचा नाही. प्रत्येक पट्टीचं टोक थोडं सोडवून बाहेर दुमडून ठेवायचं, स्कूप टेपच्या खुणांवर बसवायचा, मास्किंग टेपने धरायचा, आणि मग एकेक टोक ओढून कागद काढायचा. आपण फॉल लावताना आधी कच्चा टाका घालतो, तेच. शेवटी तळहाताने सगळीकडून दाबायचं. ही पट्टी वीस मिनिटांत निम्मी धरते, दिवसभरात नव्वद टक्के, आणि पूर्ण धरायला 72 तास लागतात. तोवर पाणी नको, वेग नको.

दिसतो कसा? माझ्या मते जरा भपकेबाजच. पण सरळ बसलाय, आणि रंग उन्हात उभं राहून पाहिलं तरी ओळखू येत नाही. नाकपुडीत जाळी आहे आणि जाळीमागे काही नाही. शेजारच्या मुलाने विचारलं, "दादा, याने गाडी फास्ट पळते?" तर थोरला म्हणाला, "नाही रे, शोभेचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी स्वयंपाकघरात होते. खाली गाड्या धुणारा आला होता, पाइप ओढल्याचा आवाज आला. तीन दिवस धुवायचं नाही हे त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं. मी गॅस बंद करून खिडकीकडे धावले, तर खालून यांचा आवाज आला.

"अरे, त्या पांढऱ्या गाडीला गुरुवारपर्यंत पाणी मारू नकोस. पोराने काम केलंय, ओलं आहे अजून."

थोरला त्याच्या खोलीच्या दारात उभा होता. कडी त्याच्या हातात होती.