माणसापुरती पोकळी

आमच्या घरात माझ्या टेबलाला ‘दवाखाना’ म्हणतात. भिंग, चिमटे, इंजेक्शनच्या बोथट केलेल्या सुया, चिकटपट्टी, गोळ्यांची रिकामी पाकिटं असा सगळा सरंजाम तिथं मांडलेला असतो. रोगी मात्र एकच. वीतभराहून थोडी लांब, अंगानं काडीपैलवान, मागं दोन दांडगी चाकं आणि पुढं सायकलीची शोभावीत अशी दोन बारीक चाकं असलेली एक गाडी. येणारेजाणारे विचारतात, ‘हे काय, विमान?’ मी सांगतो, ‘नाही, गाडीच आहे. फक्त सरळ जाते.’

२०१९ च्या दिवाळीत भाचा अमेरिकेहून आला, तेव्हा त्यानं हा खोका आणला. फ्लोरिडात ओकाला गावी डॉन गार्लिट्स या शर्यतवाल्याचं संग्रहालय आहे, ते नुकतंच पाहून तो आला होता. ‘मामा, तुम्ही जन्मभर पॅटर्न केलेत, तुम्हाला हे आवडेल,’ म्हणाला. मी बेळगावच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. जी वस्तू ओतायची तिचा लाकडी नमुना आधी आम्ही करायचा, त्यावरून वाळूत साचा निघायचा आणि मग साच्यात लोखंड. त्यामुळे खोक्यातले प्लास्टिकचे भाग बघून हात शिवशिवले, हे खरं.

ही शर्यत आपल्याकडच्या माणसाला जरा गमतीचीच वाटते. वळण नाही, चढ-उतार नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा लागला की सुटायचं आणि पाव मैल, म्हणजे सुमारे चारशे दोन मीटर, सरळ जायचं. १९७० च्या सुमारास अव्वल गाड्या हे अंतर साडेसहा-सात सेकंदांत तोडत आणि शेवटी त्यांचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात असे. थांबायला ब्रेक पुरत नाहीत म्हणून मागं पॅराशूट उघडावं लागतं. इंधन पेट्रोल नव्हे, नायट्रोमिथेन. हिला हे सांगितलं तर म्हणाली, ‘एवढ्या घाईनं जाऊन करायचं काय?’ याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

मला त्या गाडीचा वेग नव्हे, तिच्यातली माणसाची जागा धरून बसली. त्या काळात इंजिन पुढं असे आणि चालक अगदी मागं, मागच्या आसाच्याही पलीकडं. गलोलीच्या चामड्यात खडा धरावा तसा तो बसे, म्हणून त्या गाड्यांना इंग्रजीत नावच पडलं ‘स्लिंगशॉट’, म्हणजे गलोल. त्याचे पाय आसावरून पुढं टाकलेले. क्लच, गिअर आणि मधली सगळी फिरती यंत्रं त्या दोन पायांच्या मध्ये किंवा अगदी समोर. यंत्राला वजन कुठं हवं ते आधी ठरवलं आणि उरलेल्या जागेत माणूस बसवला.

८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळच्या लायन्स पट्टीवर गार्लिट्सच्या गाडीतला गिअर सुटतानाच फुटला. गाडीचे मधोमध दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाच्या पंजाचा बराच भाग गेला. गडी तेव्हा अडतिशीच्या आतबाहेर होता. दवाखान्यात पडल्यापडल्या त्यानं ठरवलं, पुढची गाडी करायची ती इंजिन मागं आणि माणूस पुढं अशीच. तसे प्रयोग आधीही झाले होते, पण त्या गाड्या सरळ धरत नसत. याच्या गाडीचंही तेच झालं. शेवटी स्टिअरिंगचं प्रमाण मंद केलं, म्हणजे हातानं जास्त फिरवावं तेव्हा चाक थोडं वळेल असं केलं, आणि गाडी वठणीवर आली. १९७१ मध्ये पोमोना इथली विंटरनॅशनल्स शर्यत त्यानं त्या गाडीतून जिंकली. तिचं नाव ‘स्वॉम्प रॅट १४’, म्हणजे दलदलीतला उंदीर, क्रमांक चौदा. पुढं काही वर्षांतच त्या वर्गातल्या पुढं इंजिन असलेल्या गाड्या मागं पडल्या.

माझ्या खोक्यात अशीच मागं इंजिन असलेली गाडी होती. मूळ गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याची. इंजिन झकास केलेलं, नळ्या, पट्टे, सगळं जिथल्या तिथं. पण चालकाची जागा बघितली आणि मन उतरलं. आसन म्हणजे एक ठोकळा. त्यावरच पट्टे उठवलेले, जसे स्वस्तातल्या गणपतीच्या अंगावर दागिने असतात तसे. पायाशी पेडलसुद्धा नाही. एवढी उलथापालथ ज्या जागेसाठी झाली, तीच जागा वरवर उरकली होती. मी तो सगळा भाग बाजूला काढला आणि आतलं सामान मुळापासून करायला घेतलं.

पंचविसाव्या हिश्श्याची एक सोय आहे. तिकडचा इंच म्हणजे माझ्या टेबलावरचा जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर. आम्हा पॅटर्नवाल्यांना मापांचं असलं दुहेरी गणित नवीन नाही. बीड थंड होताना शेकडा एक या प्रमाणात आखडतं, म्हणून आमची पट्टीच मुळात तेवढी मोठी असते. तिच्यावरचा शंभराचा आकडा खरा एकशे एकवर असतो. कोअर बॉक्स हा प्रकार तर त्याहून वेगळा. पंपाच्या आत पाणी जाण्यासाठी जी पोकळी राहायला हवी, तिचाच आकार आम्ही लाकडात कोरायचा, त्यात वाळूचा कोअर भरायचा. कोअर साच्यात ठेवायचा, त्याच्याभोवती लोखंड ओतायचं आणि मग तो फोडून काढायचा. उरते ती पोकळी. तीच कामाची.

तसंच इथं केलं. आधी माणूस केला. हिच्याकडून टेपनं माझे खांदे, मांडी, पोटरी मोजून घेतली आणि त्या मापानं सावरीच्या मऊ लाकडाचा एक बसलेला माणूस कोरला. खांदे अठरा मिलिमीटर. खोक्यातल्या आसनावर त्याला बसवून पाहिला, तर गुडघे थेट स्टिअरिंगला अडत होते. मग त्याच्याभोवती एकेक भाग बेतत गेलो.

आसन केलं थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याचं. हा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे मूळ मापात अडीच मिलिमीटर. खऱ्या अॅल्युमिनियमच्या आसनाला शोभेल असाच. त्याच्या कडा सुईच्या दांडीवर वळवल्या आणि मागून सुईचं टोक दाबून रिव्हेटच्या रांगा उठवल्या. डोक्याभोवतीच्या पिंजऱ्याची नळी सव्वा मिलिमीटरची. तिचं वळण आधी सोल्डरच्या तारेत काढलं, कारण ती मऊ, बोटानं हवी तशी वळते. वळण पटलं की तेच तांब्याच्या तारेत. फुलपाखराच्या पंखांसारखं अर्धं स्टिअरिंगही तांब्याचंच, वर काळा दोरा गुंडाळलेला. ब्रेकचा हातदांडा इंजेक्शनच्या सुईचा, पॅराशूट सोडायच्या दांड्याची मूठ टाचणीच्या डोक्याची. तेलाच्या दाबाच्या घड्याळाला काच हवी होती. तिथं हिच्या नखांच्या बिनरंगी पॉलिशचा एक थेंब सोडला, तो वाळून काचेसारखा फुगीर झाला. पेडल दोन, एक क्लचचा, एक इंधनाचा. त्यांतल्या उजव्यावर पाय धरून ठेवणारी पट्टी बसवली.

सगळ्यात दिवस खाल्ले ते पट्ट्यांनी. खरे पट्टे तीन इंच रुंद, माझे तीन मिलिमीटर. रेशमी फीत लावून पाहिली, तर तिची वीण पोत्यासारखी दिसायला लागली. शेवटी मास्किंग टेपची पट्टी कापून, रंगवून, किंचित चुरगाळून घेतली. बकलं पत्र्याची. ती ओवताना हात थरथरायचा. श्वास सोडायचा, थांबायचा आणि मग ओवायचं. अकरा दिवस गेले.

असंच एकदा रात्री, पिंजऱ्याची कमान लाकडी माणसाच्या हाताला लागते का बघत असताना, मला बँडसॉ आठवला.

१९८४ ची गोष्ट. जाड सागवानी ठोकळा कापायचा होता म्हणून बँडसॉच्या पात्यावरचा गार्ड मी पूर्ण वर घेतला. काम झालं. गार्ड खाली आणायला अर्धा मिनिट लागतो. चहाची घंटा झाली, मी तसाच गेलो. आमचा हेल्पर, कानडी मुलुखातलं पोर, विशीतलं. त्यानं मागं राहून त्याच यंत्रावर पातळ पट्ट्या कापायला घेतल्या. डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरावर गेली. चौकशीत लिहिलं गेलं, ‘परवानगीशिवाय यंत्र चालवले.’ मी तिथं उभा होतो. गार्ड कुणी वर ठेवला होता, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चार-सहा महिन्यांनी तो काम सोडून गावी गेला.

गार्लिट्सच्या गोष्टीनं मी एवढा का झपाटलो, ते मला त्या रात्री कळलं. त्यानं स्वतःचा पाय गेल्यावर माणसाची जागा बदलली. माझ्या हातून दुसऱ्याची बोटं गेली आणि मी पट्टीवरचे आकडे अचूक वाचत राहिलो.

गाडी पुरी झाली ती २०२१ च्या पावसाळ्यात. बुटांच्या खोक्यात कापूस घालून ती ठेवली आणि बसनं त्याच्या गावी गेलो. त्याची पिठाची गिरणी आहे. सदतीस वर्षांनीही त्यानं मला उंबऱ्यातच ओळखलं. ‘मेस्त्री! या, बसा की.’ बसता बसता माझी नजर गेली ती गिरणीच्या पट्ट्याकडं. मोटरपासून जात्यापर्यंत सगळ्या पट्ट्याला लोखंडी जाळीचा पिंजरा, लाल रंगानं रंगवलेला. आजूबाजूच्या दोन-चार गिरण्यांत मला असा पिंजरा कधी दिसला नव्हता.

त्यानं गाडी हातात घेतली, त्या तीन धड बोटांच्या हातात. भिंग लावून बराच वेळ आत बघितलं. इंजिनाकडं वळलाच नाही. म्हणाला, ‘पाय इकडं, मशीन मागं. आता फुटलं तरी माणूस वेगळा.’ एवढं मला समजायला दोन वर्षं लागली होती.

मग मी ते बोललो. ‘त्या दिवशी गार्ड मी वर ठेवला होता, रे. चौकशीत मी बोलायला हवं होतं.’

तो गाडी हळूच कापसावर ठेवीत म्हणाला, ‘मला ठाऊक होतं, मेस्त्री. शेवटी ठोकळा तुम्हीच कापला होता.’ जरा थांबून पुढं म्हणाला, ‘इर्लि बिड्री.’ असू द्या, सोडा. आपल्या भागात हे दोन शब्द कुणाला सांगावे लागत नाहीत. पण माझ्यानं सोडवत नाही, आणि सोडूही नये. म्हणून इथं लिहिलं.

निघताना त्यानं विचारलं, ‘यात माणूस नाही बसवला?’ लाकडी माणूस माझ्या खिशात होता. मी तो दाखवला आणि सांगितलं, याच्या मापानं सगळं केलं आणि मग याला काढून घेतलं. त्यानं तो उलटसुलट करून बघितला, हसला आणि गिरणीच्या कपाटावर, गल्ल्याशेजारी ठेवून घेतला. मीही परत मागितला नाही.

गाडी आता माझ्या कपाटात आहे. आसन रिकामं, आणि पट्टे बांधलेले नाहीत. बकलं सोडून दोन्ही बाजूंना टाकले आहेत. शर्यत संपवून माणूस आपल्या पायांनी उतरून गेला की जसे पडतात, तसे.