तात्यापाऱ्यातून पेंड्र्याकडे

नागपूर सोडलं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग रायपूर. जुनं शहर पाहायचं तर जयस्तंभ चौकातून पायीच निघावं. १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी सोनाखानच्या वीर नारायण सिंहांना देहदंड दिला, त्यांची आठवण या चौकाशी जोडलेली आहे. तिथून शारदा चौक, आणि पुढे रस्ता आक्रसत जातो. या पट्ट्याच्या रुंदीकरणाची चर्चा इथे वर्षानुवर्षं चालली आहे. दुकानांच्या आणि दुचाकींच्या गर्दीतून वाट काढत तात्यापारा चौकात पोचलो, हनुमानाला नमस्कार केला आणि आतल्या गल्लीत वळलो.

गल्लीत दारांवरच्या पाट्या वाचत जाताना ऊर भरून येतो. एक पाटी मारवाडी, एक छत्तीसगढी, आणि मधेच अस्सल वऱ्हाडी आडनाव. एका ओट्यावर आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी मराठीत बोललो, तशी त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "कुठून आले जी तुम्ही? बसा ना, चहा घेऊन जा." चहा होईपर्यंत त्या माझ्याशी मराठीत, सुनेशी हिंदीत आणि भाजीवालीशी छत्तीसगढीत बोलल्या. या तिन्ही भाषा त्यांच्या घरच्याच.

मराठी माणूस या मुलखात आला तो नागपूरकर भोसल्यांच्या फौजेमागून. १७४१ मध्ये भास्करपंतांनी रतनपूरवर स्वारी केली. पुढे बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत तिथून कारभार पाहिला. मोडी लिपी त्यांच्याच काळात इथल्या दप्तरात आली. दसऱ्याला सोनं वाटायची रीत त्यांनीच इकडे रुजवली, असं सांगतात. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यूने राजधानी रतनपूरहून रायपूरला हलवली आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. राज्य गेलं तरी माणसं इथेच राहिली.

त्यांतल्या एका माणसासाठी मी मुद्दाम आलो होतो. माधवराव सप्रे. जन्म १८७१, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. घरची भाषा मराठी, पण त्यांनी आयुष्य वेचलं ते हिंदीसाठी. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं. सोबतीला रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे. मासिक जेमतेम तीन वर्षं चाललं, पण 'एक टोकरी भर मिट्टी' ही त्यांची कथा त्यातच आली. १९०८ मध्ये 'हिंदी केसरी'तल्या लेखांवरून त्यांना राजद्रोहाखाली अटक झाली. घरच्यांच्या दबावापुढे त्यांनी माफीपत्र लिहून दिलं आणि ते सुटले, पण हे शल्य त्यांना सोसवेना. रामदासी मठात जाऊन त्यांनी माधुकरी मागितली, आणि त्यातूनच दासबोध हिंदीत उतरला. लोकमान्यांच्या गीतारहस्याचं हिंदी रूपही त्यांचंच. ते १९२६ मध्ये रायपुरातच गेले.

मला हे फार मोठं वाटतं. समर्थांना आणि टिळकांना हिंदी वाचकाच्या घरी नेऊन बसवणारा हा माणूस आपल्या शाळांच्या पुस्तकांत कुठे असतो? रायपुराने मात्र त्याला विसरू दिलेलं नाही. बूढा तलावाजवळ सप्रे शाळा आहे, आणि सहकारी चळवळ उभी करणाऱ्या वामनरावांच्या नावाने लाखेनगर आहे. दुपारच्या उन्हात ब्राह्मणपारा, कंकाली तलाव करत मी शाळेपर्यंत चालत गेलो. सुट्टी झाली होती आणि फाटकातून पोरं लोटत होती. एकाला विचारलं, सप्रे कोण? "अखबार निकालते थे," तो म्हणाला आणि पळाला. मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

उद्या सकाळी बिलासपूर आणि तिथून कटनीच्या मार्गावर पेंड्रा रोड. जिथून पहिला अंक निघाला ते गाव पाहिल्याखेरीज नागपूरची गाडी धरायची नाही, असं ठरवलं आहे.