ताबा

"सरपंच ताई, इथं सही करा. आता योजना तुमच्या ताब्यात," असं म्हणून साहेबांनी रजिस्टर पुढं सरकवलं. मी केली. नळाला पाणी येत होतं, दिवस पावसाळा सरतानाचे होते. ती सही अजून खुपते.

आमचं गाव पानशेत धरणाच्या काठावरचं, सत्तरेक उंबऱ्यांचं. आजेसासऱ्यांची भातखाचरं धरणात गेली. तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं, पुणं बुडालं, पुढं ते पुन्हा बांधलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आज दहा टीएमसीहून जास्त पाणी अडतं, ते पुण्याला जातं, आणि मार्च उलटला की आमच्या बायका हंडे घेऊन गाळ तुडवत खाली उतरायच्या. जलजीवन मिशनमधून मोटार, टाकी, नळ आले. माणशी रोज 55 लिटर. पेढे वाटले होते.

एप्रिलात मोटार जळाली. ऑफिसला फोन केला. "योजना हस्तांतरित झालीय ताई, दुरुस्ती ग्रामपंचायतीनं करायची." बरं, करू. खात्यात पैसे होते. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी तेव्हा थेट ग्रामपंचायतीला यायचा, त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बंधित होता. म्हणजे पाण्याचे पैसे, पाण्याचं काम. पण आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "मोटार दुरुस्ती यंदाच्या आराखड्यात धरलेली नाही."

मोटार जळणार हे आदल्या वर्षी आराखड्यात कसं धरायचं? मी विचारलं. भाऊसाहेब हसले, त्यांचा दोष नव्हता. मग ग्रामसभा, ठराव, आराखड्यात बदल. तो ऑनलाइन चढवायचा. पैसे काढायला त्यांची आणि माझी डिजिटल सही, आणि भाऊसाहेबांकडे तीन गावांचा कार्यभार. ते आले त्या दिवशी लाईट नव्हती. लाईट आली तेव्हा रेंज नव्हती. लॅपटॉप घेऊन आम्ही शाळेच्या गच्चीवर उन्हात बसलो, डोंगल लावलं, पान गोल गोल फिरत राहिलं. खाली बायका रिकामे हंडे घेऊन वर बघत होत्या. एकोणीस दिवस! शेवटी पुण्या-मुंबईतल्या पोरांनी फोनवरून पैसे पाठवले आणि सिंहगड रोडवरून मोटार भरून आणली. सरकारी पैसे खात्यात तसेच.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं 24 एप्रिल 1993 पासून गावांना अधिकार मिळाले, 29 विषय अकराव्या अनुसूचीत, पिण्याचं पाणी त्यातलंच, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. काम खाली ढकललं, कुलूप वरच ठेवलं. वर कुणाला विचारावं, तर तेव्हा मार्च 2022 पासून जिल्हा परिषदेत प्रशासक होता.

नव्या सरपंचांना एक सांगते. योजना ताब्यात घ्यायची तर मे महिन्यात घ्या. राखीव मोटार मागा. वीजबिल कोण भरणार ते आधी ठरवा.

आणि खरं ते सांगायला हवं. पाणीपट्टी आम्हीच वसूल केली नव्हती. "सरकारी पाण्याला कसले पैसे?" असं माझे दीरच म्हणाले, आणि मी गप्प बसले. घरातल्यांना नोटीस कशी द्यायची? ती वसूल झाली असती तर मोटारीला दिल्लीच्या पैशाची वाट बघावी लागली नसती.

पुढं एका बैठकीत कुणीतरी सुचवलं, "मोठ्या प्रादेशिक योजनेत जोडून टाका, तुमची कटकट मिटेल." एकोणीस दिवस मी ज्या सहीला शिव्या घातल्या, ती पुसायची ही आयती संधी होती. मी उठून म्हणाले, "नको. योजना आमची आहे." का म्हणाले, मला नीट सांगता येत नाही. घरी येताना रागही आला, स्वतःचाच.

माझी मुदत संपली. पंपघराची किल्ली नव्या सरपंचांकडे दिली. दुसरी माझ्याकडेच आहे, देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला.